हेलिकॉप्टर रॉकेलवर उडतं का? विमान इंधनाची टंचाई आणि चिमूरचं शेवटचं टोक

१९ एप्रिल २०२४. गडचिरोली-चिमूर लोकसभा मतदारसंघात मतदान होतं. चिमूरच्या शाळेत रांग लावून तुम्ही मत दिलं असेल, शाई लागलेल्या बोटाचा फोटो स्टेटसला ठेवला असेल. पण त्याच मतदारसंघाच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीच्या जंगलातल्या दुर्गम केंद्रांवर, मतदान कर्मचारी आणि ईव्हीएम आधीच्या दोन-तीन दिवसांत हेलिकॉप्टरने पोहोचवावी लागली होती. तुमचं मत आणि तिकडच्या आदिवासी आजीचं मत एकाच मोजणीत आलं, त्यात त्या हेलिकॉप्टरचा वाटा होता.

आता एक साधा प्रश्न. ते हेलिकॉप्टर कशावर उडतं? पेट्रोलवर नाही, डिझेलवरही नाही. ते उडतं एटीएफवर, म्हणजे एव्हिएशन टर्बाइन फ्युएलवर. मोठी प्रवासी विमानं ज्यावर उडतात तेच हे इंधन.

'विमान इंधनाची टंचाई', 'ऊर्जा सुरक्षा धोक्यात' अशा हेडलाइन अधूनमधून फोनवर येतात. आपल्याला वाटतं, आपण कुठे रोज विमानात बसतो? चिमूरला तर रेल्वे स्टेशनही नाही. विमानतळ शंभरेक किलोमीटर लांब, नागपूरला. पण हा विषय विमानाच्या तिकिटापुरता नाही. चला, सुरुवातीपासून समजून घेऊया.

एटीएफ म्हणजे नेमकं काय?

घरी आईला किंवा आजीला विचारा, रेशनच्या दुकानासमोर कॅन घेऊन रांगेत उभं राहिल्याची आठवण नक्की सांगतील. कोणी त्याला रॉकेल म्हणतं, कोणी घासलेट, कोणी मातीचं तेल. एटीएफ हा त्याच रॉकेलचा सख्खा भाऊ आहे, फक्त जास्त शिकलेला.

रिफायनरीत कच्चं तेल तापवलं की त्यातले वेगवेगळे भाग वेगवेगळ्या तापमानाला वाफ होऊन वेगळे होतात. सगळ्यात हलका भाग म्हणजे गॅस, त्यातूनच स्वयंपाकाचा एलपीजी मिळतो. मग पेट्रोलचा भाग, मग रॉकेलचा, मग डिझेलचा आणि तळाला डांबर. यातला रॉकेलचा भाग आणखी शुद्ध केला, पाण्याचा अंश आणि कचरा काढला, कडक चाचण्या केल्या की एटीएफ तयार होतं. आपल्याकडे वापरतात त्या जेट ए-१ प्रकाराचा नियम असा की ते उणे ४७ अंशांपर्यंत गोठता कामा नये. कारण ३५ हजार फुटांवर बाहेरचं तापमान उणे ५० च्या आसपास असतं. चुलीत घालायच्या रॉकेलला ही परीक्षा द्यावी लागत नाही.

इथे एक गमतीची गोष्ट आहे. २०१३-१४ मध्ये देशात वर्षाला ७० लाख टनांच्या आसपास रॉकेल खपायचं. वीज पोहोचली, गॅस आला, २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली, सबसिडी आटत गेली आणि आता हा खप ५ लाख टनांच्या आसपास आला आहे. म्हणजे आजीच्या स्टोव्हमधून सुटलेला कच्च्या तेलाचा तो भाग आता बऱ्याच अंशी विमानांसाठी मोकळा झाला आहे.

मग भारतात विमान इंधन कमी आहे का?

नाही. आणि बहुतेक व्हायरल मेसेज इथेच चुकतात.

२०२४-२५ मध्ये भारतात साधारण ९० लाख टन एटीएफ वापरलं गेलं. आपल्या रिफायनऱ्या त्याच्या जवळपास दुप्पट एटीएफ तयार करतात. उरलेलं आपण निर्यात करतो, युरोपलासुद्धा. कारखान्यांच्या बाबतीत आपण श्रीमंत आहोत. मुंबईत माहुलला भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियम अशा दोन रिफायनऱ्या आहेत, तिथून मुंबई विमानतळापर्यंत थेट पाइपलाइनने इंधन जातं.

मग अडचण कुठे आहे? कारखाना आपला आहे, पण कच्चा माल आपला नाही. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त तेल आपण बाहेरून आणतो. घरची पिठाची गिरणी मोठी आहे, पण गहू दरवेळी दुसऱ्याच्या शेतातून आणावा लागतो, असा हा प्रकार. गिरणीकडे बघून 'आपल्याला काही कमी नाही' म्हणणं अर्धवट आहे, आणि 'उद्यापासून पीठ मिळणार नाही' म्हणणंही अर्धवटच.

टंचाई येते ती साखळीतला एखादा दुवा तुटला की. असे तीन दुवे नीट बघू.

पहिला दुवा: समुद्र

इराण आणि ओमान यांच्यामध्ये होर्मुझची सामुद्रधुनी आहे. सगळ्यात अरुंद ठिकाणी ती चिमूर-वरोरा अंतरापेक्षाही कमी रुंद आहे. जगात रोज वापरल्या जाणाऱ्या तेलापैकी सुमारे पाचवा भाग या वाटेने जात आला आहे. भारत रोज सुमारे ५५ लाख बॅरल तेल वापरतो, त्यातलं १५ ते २० लाख बॅरल या वाटेने येतं, असं केंद्रीय पेट्रोलियम मंत्री हरदीपसिंग पुरी यांनी जून २०२५ मध्ये सांगितलं होतं.

ते सांगायची वेळ का आली? १३ जून २०२५ ला इस्रायलने इराणवर हल्ले केले. पुढचे १२ दिवस दोन्हीकडून क्षेपणास्त्रं उडत होती. २२ जूनला इराणच्या संसदेने होर्मुझ बंद करण्याच्या बाजूने कौल दिला. २३ जूनला कतारने आपलं आकाश बंद केलं, भारतातून आखाताकडे जाणारी विमानं अडकली. त्या १२ दिवसांत सामुद्रधुनी बंद झाली नाही, २४ जूनला युद्धबंदी झाली. पण १ जुलैला आपल्याकडे एटीएफचे दर साधारण साडेसात टक्क्यांनी वाढले. एक थेंब कमी पडला नाही, तरी झळ लागलीच. विमान कंपनीच्या एकूण खर्चात इंधनाचा वाटा ३० ते ४० टक्क्यांपर्यंत असतो, त्यामुळे ही वाढ फिरून तिकिटावर येते.

आता चिमूरचा संबंध बघा. जहाजातून येणारं कच्चं तेल हे फक्त विमानासाठी नसतं. त्याच बॅरलमधून ट्रॅक्टरचं डिझेल निघतं, तुमच्या बाइकचं पेट्रोल निघतं. आणि गॅसची परिस्थिती तर जास्त नाजूक आहे. देशाला लागणाऱ्या एलपीजीपैकी निम्म्याहून जास्त बाहेरून येतो, आणि तो बहुतेक आखाती देशांतून. म्हणजे होर्मुझला खुट्ट झालं तर विमानाच्या आधी स्वयंपाकघरातल्या सिलिंडरची काळजी करावी लागेल.

यावर उपाय म्हणून देशाने एक 'पॉवर बँक' बनवली आहे. विशाखापट्टणम (१३.३ लाख टन), मंगळुरू (१५ लाख टन) आणि पाडूर (२५ लाख टन) इथे जमिनीखाली खडकात प्रचंड गुहा खोदून कच्चं तेल साठवतात. गंमत म्हणजे आतून स्टीलची टाकी नसते. भोवतालच्या खडकातल्या पाण्याचा दाब तेलाला बाहेर जाऊ देत नाही. तिन्ही ठिकाणच्या गुहा पूर्ण भरलेल्या असतील तर देशाची साधारण साडेनऊ दिवसांची गरज भागते. तेल कंपन्यांचे स्वतःचे साठे धरले तर हा आकडा सुमारे ७४ दिवसांपर्यंत जातो. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या सदस्य देशांना ९० दिवसांच्या आयातीइतका साठा ठेवणं बंधनकारक आहे. आपण तिथे सहयोगी सदस्य आहोत, पूर्ण सदस्य नाही.

लक्षात घ्या, गुहांमध्ये कच्चं तेल आहे, एटीएफ नाही. ते काढून रिफायनरीत न्यायचं, शुद्ध करायचं, मग टँकरने पुढे पाठवायचं. पॉवर बँक आहे, पण केबल लांब आहे.

दुसरा दुवा: शेवटचे काही किलोमीटर

सप्टेंबर २०१७, न्यूझीलंड. रिफायनरीतून ऑकलंड शहराकडे येणारी १७० किलोमीटरची एकच इंधन पाइपलाइन एका शेतात फुटली. आधी कधीतरी खोदकाम करताना जेसीबीसारख्या मशिनने तिला ओरखडा पडला होता, तोच पुढे फाटला. देशात इंधन होतं, रिफायनरी चालू होती, युद्ध नव्हतं. तरी ऑकलंड विमानतळावर कंपन्यांना नेहमीच्या फक्त ३० टक्के इंधन मिळू लागलं आणि डझनांनी उड्डाणं रद्द झाली. एक मशिन, एक ओरखडा, आठवडाभर गोंधळ.

आपल्याकडचं उदाहरण तर तुम्ही स्वतः पाहिलं आहे. १ आणि २ जानेवारी २०२४ आठवा. हिट अँड रनच्या नव्या कायद्याविरोधात ट्रक आणि टँकर चालकांनी गाड्या उभ्या केल्या. नागपूरसह राज्यात अनेक ठिकाणी पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. व्हॉट्सअ‍ॅपवर 'उद्यापासून पेट्रोल बंद' फिरलं आणि ज्यांच्या टाकीत अर्धं पेट्रोल होतं तेही रांगेत आले. २ जानेवारीच्या रात्री सरकार आणि वाहतूकदार संघटनेची चर्चा होऊन तिढा सुटला. त्या दोन दिवसांत देशातलं तेल संपलं नव्हतं. डेपोत साठा होता, पंपावर नव्हता. मधला चालक थांबला होता, एवढंच. वर अफवेने दोन दिवसांची मागणी एका संध्याकाळी पंपावर आणून उभी केली.

मोठ्या विमानतळांना पाइपलाइन असते, बहुतेक लहान विमानतळांना आणि हेलिपॅडना टँकरवरच भागवावं लागतं. आणि एटीएफचा टँकर म्हणजे साधा टँकर नाही. त्यात थोडं जरी पाणी शिरलं, आधीच्या मालाचा अंश राहिला, तर सगळा माल नापास. डिझेल संपलं तर शेजारच्या गावातून कॅनमध्ये आणता येतं, एटीएफच्या बाबतीत हा जुगाड चालत नाही.

तिसरा दुवा: उधारी

हा दुवा कोणी मोजत नाही. २२ ऑगस्ट २०१९ ला सरकारी तेल कंपन्यांनी एअर इंडियाला सहा विमानतळांवर इंधन देणं थांबवलं. त्यात आपलं पुणे होतं. सोबत कोची, पाटणा, रांची, विशाखापट्टणम आणि मोहाली. कारण काय? थकलेली बिलं. बाकीच्या कंपन्यांची विमानं त्याच पुण्यात, त्याच टाकीतून इंधन भरत होती. सप्टेंबरच्या सुरुवातीला तोडगा निघाला आणि पुरवठा पुन्हा चालू झाला.

हेच मोठ्या प्रमाणावर २०२२ मध्ये श्रीलंकेत झालं. देशाकडे डॉलर संपले, तेल विकत घेता येईना. कोलंबोहून निघालेली विमानं तिरुवनंतपुरम आणि कोचीला उतरून इंधन भरायची आणि मग पुढच्या लांबच्या प्रवासाला जायची. समुद्र मोकळा होता, जहाजं होती, जगात तेलही होतं. खिसा रिकामा होता.

किराणा दुकानात उधारी तुंबली की दुकानदार मीठसुद्धा देत नाही. देशांचंही तसंच आहे.

मग विमान बॅटरीवर का चालवत नाहीत?

इलेक्ट्रिक स्कूटर चिमूरमध्येही दिसतात, मग हा प्रश्न येणारच. उत्तर तुमच्या खिशातल्या फोनमध्ये आहे. ५००० एमएएचच्या बॅटरीत साधारण १९ वॉट-तास ऊर्जा मावते. एक लिटर एटीएफमध्ये सुमारे साडेनऊ हजार वॉट-तास ऊर्जा असते. म्हणजे एक लिटरमध्ये तुमचा फोन ५०० वेळा चार्ज होईल इतकी ताकद. वजनाला वजन लावलं तर एटीएफ आजच्या लिथियम बॅटरीपेक्षा ४० ते ५० पट जास्त ऊर्जा धरतं. इंजिनात त्यातली बरीच उष्णता म्हणून वाया जाते, हे धरूनही फरक प्रचंड आहे. स्कूटर जमिनीवर वजन ओढते, विमानाला ते उचलावं लागतं. त्यामुळे पुढची बरीच वर्षं मोठं विमान द्रव इंधनावरच उडणार.

प्रश्न एवढाच की ते इंधन जमिनीखालच्या तेलातूनच यायला हवं का?

तणस, बांबू, कोळसा: आपल्याकडे काय आहे?

१९ मे २०२३ ला पुण्याहून दिल्लीला एअरएशिया इंडियाचं एक प्रवासी विमान गेलं. त्याच्या इंधनात १ टक्क्यापर्यंत शाश्वत विमान इंधन, म्हणजे एसएएफ, मिसळलेलं होतं. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने इंडियन ऑइलसोबत ते बनवलं होतं. देशात तयार झालेल्या एसएएफवर उडालेलं हे पहिलं व्यावसायिक प्रवासी उड्डाण. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी भारताने २०२७ मध्ये १ टक्का, २०२८ मध्ये २ टक्के आणि २०३० मध्ये ५ टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट ठेवलं आहे.

एसएएफ कशापासून बनतं? वापरलेल्या खाद्यतेलापासून बनतं. अल्कोहोलपासूनही बनतं, आणि अल्कोहोल बनतं ऊस, मका, धानाचं तणस आणि बांबूपासून. इथे झाडीपट्टीच्या पोरांनी कान टवकारायला हवेत.

हरियाणात पानिपतला इंडियन ऑइलचा इथेनॉल प्रकल्प ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झाला. तो वर्षाला सुमारे २ लाख टन तणसापासून ३ कोटी लिटर इथेनॉल बनवण्यासाठी उभारला आहे. आसाममध्ये नुमालीगडला बांबूपासून इथेनॉल बनवणाऱ्या प्रकल्पाचं उद्घाटन १४ सप्टेंबर २०२५ ला झालं, त्याला वर्षाला सुमारे ५ लाख टन हिरवा बांबू लागणार आहे. या इथेनॉलचं विमान इंधन करायला पुढे आणखी एक प्रक्रिया लागते, पण कच्चा माल तोच.

धान आणि बांबू. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत दुसरं काय आहे?

पण उड्या मारण्याआधी थांबा. पंजाब-हरियाणात तणस शेतात जाळतात, आपल्याकडे ते जनावरांचा चारा आहे. ते सगळं कारखान्यात गेलं तर गोठ्यात काय टाकणार? बांबूचंही तसंच. इथल्या बांबूवर दशकानुदशकं कागद बनला, पण जंगलात राहणाऱ्या माणसाच्या हातात मजुरीपलीकडे फारसं आलं नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा ग्रामसभेने वनहक्क कायद्याखाली लढा दिला, तेव्हा २७ एप्रिल २०११ ला तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या हस्ते गावाला बांबू वाहतुकीचा परवाना मिळाला. आपला बांबू आपण विकायचा, हा हक्क मिळायला तोपर्यंत वाट पाहावी लागली. उद्या बांबूचं विमान इंधन झालं तर दर ग्रामसभा ठरवणार की कारखाना, हा प्रश्न तंत्रज्ञानाचा नाही, पण तंत्रज्ञानाइतकाच महत्त्वाचा आहे. शिवाय ताडोब्याच्या भोवती बांबू तोडायला जंगलात जाणं म्हणजे वाघाच्या घरात जाणं, हे चिमूरच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

राहिला कोळसा. कोळशाचं द्रव इंधन करता येतं. दक्षिण आफ्रिकेत सासोल कंपनी ते वर्षानुवर्षं करते आणि तिच्या इंधनाला विमानांसाठी मान्यताही आहे. भारताने २०३० पर्यंत १० कोटी टन कोळशाच्या गॅसिफिकेशनचं उद्दिष्ट ठेवलं आहे. गॅसिफिकेशन ही त्या वाटेवरची पहिली पायरी. पण या प्रक्रियेला भरपूर पाणी लागतं आणि कार्बनही भरपूर बाहेर पडतो. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पाण्याची आणि हवेची काय अवस्था असते, ते तिथे राहणाऱ्याला विचारा. आयात वाचते म्हणून प्रत्येक पर्याय स्वस्त ठरत नाही. किंमत फक्त दुसऱ्या खात्यात जाते.

पुढच्या वेळी बातमी आली की काय बघायचं?

'विमान इंधन संपलं' असा मेसेज आला की फॉरवर्ड करण्याआधी तीन प्रश्न विचारा. एक, नेमकं कुठे अडलं आहे: समुद्रात, रस्त्यावर की बिलात? दोन, आकडा कशाचा आहे: कच्च्या तेलाचा, एटीएफचा की गुहांच्या क्षमतेचा? 'साडेनऊ दिवस' आणि '७४ दिवस' हे दोन्ही आकडे खरे आहेत, पण एकाच गोष्टीचे नाहीत. तीन, झळ कोणाला आधी लागणार?

तिसरा प्रश्न सगळ्यात मोठा. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. चकमकीत जखमी झालेल्या जवानाला नागपूरला न्यायचं असतं, तेव्हा रस्त्याने वेळ पुरत नाही. अशा वेळी हेलिकॉप्टरच्या टाकीत इंधन असणं आणि मुंबईच्या टाकीत इंधन असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टंचाई आली तर सुट्टीवर निघालेलं विमान आधी की हे हेलिकॉप्टर आधी, याचा क्रम टंचाई येण्याआधी ठरलेला हवा आणि लोकांना माहीत हवा.

देशाची ऊर्जा सुरक्षा आपण गुहांच्या टनांत मोजतो. ती मोजायची खरी जागा साखळीच्या शेवटच्या टोकाला आहे: दुर्गम हेलिपॅडवर, चिमूरच्या पंपावर, घरातल्या सिलिंडरवर. तिथे वेळेवर पोहोचलं तरच देशाकडे इंधन आहे असं म्हणायचं.